एकेचाळिसाव्या नंबरचा माणूस सापडतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात; २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सर्बियाचा निकोला योकिच ४१ वा गेला आणि पुढे तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मायामीचा संघ तर ड्राफ्टच न झालेल्या पोरांना घेऊन फायनलपर्यंत जाते. हे नशीब की पद्धत? आणि विचारणाऱ्यांचा सतरा वर्षांचा भाचा पुण्यात खेळतो, त्याने यातून काय घ्यावं?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. डेक्कनच्या कोर्टवर खेळत मोठा झालो, उंची पाच फूट दहाला थांबली आणि खेळाडू व्हायचं स्वप्नही तिथेच थांबलं. पुढे अमेरिकेत शिकायला गेलो, एनबीएच्या खालच्या लीगमधल्या एका संघात व्हिडिओ कापण्याच्या कामाला लागलो, आणि आता बरीच वर्षं करारावर स्काउटिंगचे, म्हणजे खेळाडू पारखण्याचे, रिपोर्ट लिहितो. मोठे निर्णय घेणाऱ्या खोलीत मी बसत नाही. पण त्या खोलीत जे कागद जातात, त्यातले काही माझे असतात.

माझं उत्तर सरळ आहे. लपलेला हिरा कोणी ‘ओळखत’ नाही. चांगले संघ एवढंच करतात, की एक वापरता येण्याजोगी गोष्ट असलेला माणूस स्वस्तात घेतात आणि त्याला चुकायला जागा आणि वेळ देतात. बाकीची गोष्ट तो मोठा झाल्यावर मागे जाऊन रचली जाते.

पुरावा योकिचचाच घ्या. त्या रात्री त्याला घेणाऱ्या डेन्व्हरकडे ११ वा पिक, म्हणजे अकराव्या निवडीचा हक्क, होता. तो त्यांनी शिकागोला देऊन १६ वा आणि १९ वा घेतला. सोळाव्यावर कोण घेतला? युसुफ नुर्किच. म्हणजे बाल्कनमधलाच, सेंटरच (बास्केटजवळचा उंच खेळाडू) खेळणारा, योकिचच्याच वयाचा. एकोणिसाव्यावर गॅरी हॅरिस. ४१ वर आले तेव्हा कुठे योकिच. डेन्व्हरला तो नक्की काय होणार हे कळलं असतं, तर त्याला चाळीस जणांच्या मागे ठेवायची हिंमत कोणी केली असती? त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टॅको बेलची जाहिरात चालू होती, आणि तो स्वतः सर्बियात झोपला होता. गोल्डन स्टेटचंही तेच. २०१२ मध्ये त्यांनी तिसाव्या नंबरवर फेस्टस इझीली घेतला आणि मग पस्तिसाव्यावर ड्रेमंड ग्रीन. हातात ३० वा पिक असताना त्यांनी ग्रीनला सोडलं होतं! चार विजेतेपदं मिळाल्यावर आता सगळे म्हणतात, आम्हाला माहीत होतं.

ज्यांना ड्राफ्टची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी: तीस संघ, दोन फेऱ्या, साठाच्या आसपास नावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे आणि हमीचा. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. म्हणून दुसरी फेरी म्हणजे संघासाठी जवळजवळ फुकटातली सोडत आहे. तिकीट हरलं तरी कोणाची नोकरी जात नाही. नेमकं याच कारणाने बरेच संघ तिथे आळशीपणा करतात आणि थोडे संघ कष्ट घेतात.

आता खेळाडू मागे का पडतात ते बघू, कारण शोध तिथूनच सुरू होतो. काही वयामुळे पडतात: चार वर्षं कॉलेज खेळलेला बावीस-तेवीसचा मुलगा ‘आता काय वाढणार’ म्हणून बाजूला काढतात. काही दुखापतीमुळे: ख्रिस मिडलटन शेवटच्या कॉलेज हंगामात गुडघ्याने बेजार होता, ३९ वा गेला आणि पुढे मिलवॉकीसोबत २०२१ ला विजेता झाला. काही छोट्या लीगमुळे: पुढे मिलवॉकीचा स्टार झालेला यानिस अँटेटोकुम्पो ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. काहींची उंची एका जागेची आणि खेळ दुसऱ्या जागेचा, जसा ग्रीनचा.

आणि काही निव्वळ दिसण्यामुळे मागे पडतात. यावर हसू येतं, पण हा सगळ्यात महागडा दोष आहे. ह्यूस्टन संघाच्या आकडेवारीला २००७ मध्ये मार्क गसोल आवडला होता. स्काउट लोकांना मात्र त्याचा शर्ट काढलेला फोटो मिळाला, आणि त्याच्या थुलथुलीत छातीवरून एक टोपणनाव पडलं. टोपणनाव पडलं की माणूस संपला. पुढची चर्चा त्या नावाशीच होते. गसोल ४८ वा गेला, २०१३ ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. ह्यूस्टनने नंतर खेळाडूंना टोपणनावं द्यायलाच बंदी केली. आपल्याकडे तालमीत, शाळेच्या संघात ‘ढब्ब्या’ म्हणून बाहेर बसवलेली किती पोरं तुम्हाला आठवतात? मला तीन आठवतात.

मग प्रत्यक्ष बघायचं काय? मी एक वही ठेवतो, पानाला मधोमध रेघ. डावीकडे ‘बदलेल’, उजवीकडे ‘बदलणार नाही’. वजन, शूटिंगची ढब, दमसास, डावा हात हे डावीकडे. हातांची लांबी, नजर, चेंडू पकडणारी बोटं, आणि निर्णयाचा वेग हे उजवीकडे. योकिच अठरा-एकोणीसचा असताना त्याची डावी बाजू भयंकर होती. जड, संथ, उडी नाही, आणि त्यानेच पुढे सांगितलंय की दिवसाला तीन लिटरपर्यंत कोक प्यायचा. उजवी बाजू मात्र अशी, की पास कुठे जाणार हे त्याला बचाव करणाऱ्याच्या आधी कळायचं. बहुतेक संघांनी डावी बाजू वाचली.

जिममध्ये बसलो की मी पहिली काही मिनिटं चेंडूकडे बघतच नाही. कोपऱ्यात उभ्या असलेल्या, ज्याच्याकडे चेंडू नाही अशा पोराचे पाय बघतो. चेंडू यायच्या आधी गुडघे वाकलेले आहेत का? दुसऱ्या बाजूला ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी, सुरू झाली तर हा एक पाऊल आत सरकतो का, की टाचांवर उभा राहून सिनेमा बघतो? एनबीएमध्ये गेल्यावर यांच्यापैकी दहातल्या नऊ जणांच्या हातात चेंडू नसणारच आहे. कॉलेजात वीस गुण करणारा स्टार तिथे कोपऱ्यात उभा राहणार. म्हणून कोपऱ्यातला माणूस बघायचा.

याला सगळ्यात चांगली जागा म्हणजे व्हर्जिनियातली पोर्ट्समथची स्पर्धा. १९५३ पासून चालते, दर एप्रिलमध्ये, तीही एका हायस्कूलच्या जिममध्ये. कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवलेले चौसष्ट जण, आठ संघ. जे नक्की वर जाणार आहेत ते इथे फिरकत नाहीत, म्हणजे बाजारातला उरलेला माल. पण याच उरलेल्या मालात कधीकाळी डेनिस रॉडमन होता, स्कॉटी पिपेन होता, २०११ मध्ये जिमी बटलर होता. बटलर तिथे स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ड्राफ्टमध्ये तिसावा, म्हणजे पहिल्या फेरीचा शेवटचा. मे महिन्यात शिकागोला जी मोजमापं होतात, त्यांच्यावर टीव्हीवाले तुटून पडतात. हातांची लांबी तिथे नीट कळते, हे खरं. पण अशाच मोजमापांत २००७ मध्ये, पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झालेल्या केव्हिन ड्युरांटला १८५ पौंडांची बेंच प्रेस एकदाही जमली नव्हती. त्या तक्त्यावरून शेवटी काय कळलं?

आकडेवारीबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणतो डोळाच खरा, दुसरा म्हणतो मॉडेलच खरं. जेरेमी लिनचं उदाहरण दोघांनाही चिमटा काढतं. हार्वर्डचा हा गार्ड २०१० मध्ये ड्राफ्टच झाला नाही. ह्यूस्टनचं मॉडेल त्याला पहिल्या फेरीतला म्हणत होतं, पण त्यांच्याच माणसांचा त्यावर विश्वास बसला नाही. पुढे तो त्यांच्याकडे आला, आणि २०११ च्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनीच त्याला सोडला. फेब्रुवारीत न्यूयॉर्ककडून सामन्यामागून सामने जिंकून देत त्याने काय केलं ते जगाने पाहिलं. मी स्वतः आकड्यांतून मुख्यतः एक गोष्ट घेतो: फ्री थ्रो. तिथे बचाव नसतो, गडबड नसते, फक्त हात असतो. कॉलेजात तीन गुणांचे फटके चुकतायत पण फ्री थ्रो बरे पडतायत, तर तो हात दुरुस्त होऊ शकतो.

कवाय लेनर्ड हे याचं पुस्तकी उदाहरण. कॉलेजात तीन गुणांवर दोन वर्षांचे मिळून चारातला एक, फ्री थ्रो मात्र पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास. २०११ मध्ये पंधरावा गेला, त्याच रात्री सॅन अँटोनियोने जॉर्ज हिलच्या बदल्यात उचलला. १ जुलैला लीगचा लॉकआउट (टाळेबंदी) सुरू होणार होता, म्हणजे प्रशिक्षक आणि खेळाडू यांचं बोलणंसुद्धा बंद. शूटिंगचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांना त्याच्यासोबत जेमतेम काही दिवस मिळाले. चेंडू डोक्याच्या वर आणि मागे नेऊन सोडायची सवय होती, ती त्यांनी थोडी पुढे आणि खाली आणली. आमूलाग्र काही नाही. पोराने मग लॉकआउटभर एकट्याने तेवढंच घोटलं. पहिल्या हंगामात तीन गुणांवर ३७.६ टक्के.

इथे माझ्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगतो. वाईट प्रशिक्षक एका उन्हाळ्यात चार गोष्टी बदलायला जातो: पाय, कोपर, मनगट, नजर. पोराच्या डोक्याचं भजं होतं. आणि सगळ्यात आधी फ्री थ्रो बिघडतो. चांगला प्रशिक्षक एक गोष्ट धरतो आणि बाकीच्या कुरूप गोष्टींकडे कानाडोळा करतो. हे करायला फार मोठा आत्मविश्वास लागतो, कारण वरचे लोक येऊन विचारतात, ‘याचं कोपर अजून बाहेर का?’

योकिचला डेन्व्हरने लगेच बोलावलं नाही, हा त्यांचा पहिला शहाणपणा. तो वर्षभर मेगा या सर्बियातल्या आपल्या जुन्याच संघात राहिला, रोज मोठी माणसं अंगावर घेऊन खेळला आणि २०१५ ला ॲड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. सॅन अँटोनियोने मानू जिनोबिलीच्या बाबतीत तर तीन वर्षं वाट पाहिली होती: १९९९ मध्ये ५७ वा, अमेरिकेत आला २००२ मध्ये. दरम्यान बोलोन्यासोबत तो युरोलीग जिंकला. बेंचवर बसवून पगार देण्यापेक्षा दुसऱ्याच्या कोर्टवर चाळीस मिनिटं खेळू द्यावं. फक्त या काळात फोन करत राहायचं, माणूस पाठवायचा, व्यायामाचा तक्ता पाठवायचा. नाहीतर पोराला वाटतं आपल्याला विसरले.

दुसरा शहाणपणा उशिरा आला. डेन्व्हरने आधी नुर्किच आणि योकिच दोघांना एकत्र खेळवून पाहिलं, ते जमेना. १५ डिसेंबर २०१६ ला प्रशिक्षक मायकल मलोन यांनी योकिचला एकमेव सेंटर म्हणून सुरुवातीला उतरवलं आणि संघाचा सगळा हल्ला त्याच्या पासिंगभोवती बांधायला घेतला. दोन महिन्यांत नुर्किच पोर्टलंडला गेला. म्हणजे बघा, सोळाव्या नंबरचा महाग पिक सोडून एकेचाळिसाव्याला घर दिलं. माझ्या मते डेन्व्हरचा खरा शोध २०१४ च्या जूनमधला नसून हाच. आपण आधी मोठी किंमत मोजली म्हणून चुकीच्या माणसाला खेळवत राहणारे संघ मी खूप पाहिलेत. कोणालाच कबूल करायचं नसतं.

करारातही खोच असते. दुसऱ्या फेरीतल्याला किती वर्षांचा करार दिला, यावर पुढचे कोट्यवधी ठरतात. डेन्व्हरने २०१८ मध्ये योकिचचं शेवटचं स्वस्त वर्ष मुद्दाम सोडलं. का? ते वर्ष खेळवलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात तो पूर्ण मोकळा झाला असता. आधी सोडल्यामुळे दुसऱ्या संघाच्या प्रस्तावाशी बरोबरी करायचा हक्क राहिला, आणि पाच वर्षांचा सुमारे १४.८ कोटी डॉलरचा करार झाला. उलट डॅलसने ३३ व्या नंबरचा जेलन ब्रन्सन चार वर्षं घडवला आणि २०२२ मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला, हातात काही न येता. पोसला आपण, दूध दुसऱ्याच्या घरी.

आता मायामी हीट. त्यांच्याबद्दल ‘हीट कल्चर’ वगैरे इतकं बोललं जातं की कंटाळा येतो. मला त्यात दिसतं ते असं: त्यांचे नियम आधीपासून ठरलेले असतात आणि माणूस त्यात बसवला जातो. शरीरातल्या चरबीचं प्रमाण नियमित मोजतात, ते स्टारचंही आणि शेवटच्याचंही. उडोनिस हॅस्लेम २००२ मध्ये ड्राफ्ट झाला नाही, फ्रान्सला गेला, वजन उतरवून परत आला आणि मायामीतच वीस हंगाम राहिला. डंकन रॉबिन्सनने कॉलेजची सुरुवात तिसऱ्या दर्जाच्या विभागात केली होती. २०१८ मध्ये टू-वे करारावर आला, आणि दुसऱ्याच हंगामात त्याने तीन गुणांचे २७० फटके टाकले. टू-वे म्हणजे खेळाडू वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही संघांत फिरता. पगार कमी, पण दोन्हीकडे तोच खेळ, त्याच खुणा, तेच शब्द. सू फॉल्सला, म्हणजे त्यांच्या खालच्या संघात, जो बचाव शिकवतात तोच मायामीत. त्यामुळे मंगळवारी खाली खेळलेला माणूस गुरुवारी वर बावचळत नाही. हे ऐकायला सोपं आहे. बहुतेक संघांत खालचा प्रशिक्षक आपलं स्वतःचं शास्त्र चालवत असतो.

२०२३ मध्ये आठव्या मानांकनावरून मायामी फायनलला गेली, तेव्हा मॅक्स स्ट्रस, गेब व्हिन्सेंट, केलब मार्टिन हे तिघे ड्राफ्टच न झालेले खेळत होते. फायनलच्या आधीच्या फेरीत, बोस्टनच्या घरी सातव्या सामन्यात मार्टिनने २६ गुण केले. आणि फायनलला समोर कोण? योकिचचं डेन्व्हर. ४-१ ने हरले, पण त्या वर्षी ड्राफ्टच्या तळाशीच सगळी मजा होती.

ब्रुकलिनचं उदाहरण मला जास्त जवळचं, कारण ते गरजेतून आलं. २०१३ च्या बोस्टनसोबतच्या सौद्यात त्यांनी पुढच्या कित्येक वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक घालवले. मग व्यवस्थापक शॉन मार्क्स आणि प्रशिक्षक केनी ॲटकिन्सन यांनी दुसऱ्यांनी टाकलेली माणसं गोळा केली. स्पेन्सर डिनविडी, २०१४ चा ३८ वा, गुडघा फाटलेला, शिकागोने सोडलेला, खालच्या लीगमधून आणला. ज्यो हॅरिस, त्याच वर्षीचा ३३ वा, ऑर्लँडोने सोडलेला. २०१६-१७ ला २० विजय, २०१८-१९ ला ४२ आणि प्लेऑफ. त्या हंगामात हॅरिस तीन गुणांच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला होता. हरत असलेल्या संघाकडे एक गोष्ट भरपूर असते: खेळायची मिनिटं. ती त्यांनी उधळली नाहीत, वाटली.

उलट्या बाजूनेही बघा. कधीकधी खेळाडूच संघ शोधतो. ऑस्टिन रीव्ह्जच्या एजंटांनी २०२१ मध्ये डेट्रॉइटला, ४२ व्या पिकवर त्याला घेऊ नका असं सांगितलं. ड्राफ्ट न होता लॉस एंजेलिस लेकर्सचा टू-वे करार घेतला, कारण तिथे त्याच्या जागी माणसांची टंचाई होती. दोन वर्षांनी सुमारे ५.४ कोटी डॉलरचा करार. कितवा गेलो यापेक्षा कुठे गेलो हे मोठं.

माझी एक चूकही सांगतो, नाहीतर हे सगळं फार शहाणपणाचं वाटेल. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका छोट्या लीगमधल्या गार्डबद्दल मी लिहिलं: ‘बचावात झोपतो, मदतीला जात नाही.’ सगळे सामने एका कॅमेऱ्याच्या व्हिडिओवर पाहिले होते. पुढे त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याशी सहज बोलणं झालं, तेव्हा कळलं की त्यांच्या प्रशिक्षकाची सक्त ताकीद होती: कोपरा सोडायचा नाही, आत कितीही आग लागो. पोरगा आज्ञाधारक होता आणि मी त्याला आळशी ठरवलं. तेव्हापासून खेळाडूला काय सांगितलं होतं हे विचारल्याशिवाय मी ‘करत नाही’ हा शब्द लिहीत नाही.

भारताचा विषय निघतोच. सतनाम सिंग भामरा, पंजाबातल्या बल्लो के गावचा, २०१५ मध्ये ५२ व्या नंबरवर डॅलसने घेतला. सात फूट दोन इंच, वय एकोणीस. ड्राफ्ट होणारा पहिला भारतीय. पण मुख्य लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. खालच्या टेक्सास लेजंड्सकडून दोन हंगाम खेळला. मला त्यात त्याचा दोष कमी दिसतो. तो चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला, तोवरचा पाया कच्चा होता, आणि त्याच काळात लीगमधून संथ, मोठ्या सेंटरची जागाच आटत चालली होती. उजवी बाजू म्हणून उंची होती, पण ती वापरणारा खेळ उरला नव्हता. २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना खेळले तेव्हा मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे सॅक्रामेंटोचे मालक म्हणून मिरवत होते. मालकाच्या खुर्चीपर्यंत आपला माणूस आधी पोचला, कोर्टवर भारतात जन्मलेला अजून कोणी नाही.

तर भाच्याबद्दल. एनबीएचं सध्या विसरा. अमेरिकेतलं कॉलेज, अगदी लहानसं किंवा दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेजसुद्धा, हे खरं लक्ष्य धरा. जिमी बटलरनेही सुरुवात ज्युनियर कॉलेजातच केली होती. उंची बूट काढून मोजा, आणि दोन्ही हात पसरून लांबी मोजा. उंचीपेक्षा ती दहा सेंटिमीटरने जास्त असेल तर पहिल्याच ओळीत लिहा. आणि कृपया गाणं लावलेला तीन मिनिटांचा डंकचा व्हिडिओ पाठवू नका, तो आम्ही बंद करतो. एक पूर्ण सामना पाठवा, शक्यतो हरलेला, कॅमेरा वरून, दहाही जण दिसतील असा. सोबत त्याच्या प्रशिक्षकाने त्याला त्या दिवशी काय करायला सांगितलं होतं, ते चार ओळीत. मराठीत लिहिलंत तरी चालेल, मला वाचता येतं.